साप राहतो कुठे? 🐍

खारघरच्या डोंगरावर पावसाळी भटकंतीला निघालात? मग हे वाचाच.

अमेरिकेतला रॅटलस्नेक शेपटीचा खुळखुळा वाजवतो, खडकांच्या कपारीत राहतो. तो आपल्याकडे नाही. पण आपलं फुरसं कमी नाही! वेटोळं घालून अंगावरचे करवती खवले एकमेकांवर घासतं आणि 'खर्रर्र' आवाज काढतं. दिवसा त्याचा मुक्काम सपाट दगडाखाली. म्हणून बसायला दगड उचलताना बोटं खाली घालू नका, आधी काठीने हलवा.

रॅटलस्नेकचा खरा भाऊबंद म्हणजे सह्याद्रीतला हिरवा चापडा. दोघांच्याही डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये उष्णता ओळखणारा खळगा असतो. चापडा ओढ्याकाठच्या झुडपांत, बांबूत फांदीला वेटोळं घालून बसतो. पानांत दिसतच नाही.

घोणस गवतात, पाचोळ्यात. डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. मण्यार विटांच्या ढिगाऱ्यात, रात्री बाहेर.

आणि नाग? वारूळ मुंग्या-वाळवीचं, बीळ उंदराचं. नाग स्वतः घर बांधत नाही, आयत्या बिळात राहतो. सोसायटीमागचा राडारोडा आणि कचरा म्हणजे उंदीर, उंदीर म्हणजे साप. साधं गणित!

साप दिसला तर मारू नका, लांब राहा, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. दंश झाला तर चिरा नको, आवळपट्टी नको, मांत्रिक नको. १०८ लावा, थेट रुग्णालय.