अनिर्बन लाहिरी आणि व्यावसायिक गोल्फची चढण

अनिर्बन लाहिरीचा जन्म २९ जून १९८७ रोजी पुण्यात झाला. घर बंगाली, वडील तुषार लाहिरी लष्करात डॉक्टर. पुलगाव किंवा कामठीच्या लष्करी ठाण्यांशी परिचय असलेल्या विदर्भातील वाचकाला अशा कुटुंबाचे आयुष्य ठाऊक असते. दर काही वर्षांनी बदली, नवे क्वार्टर, मुलांना नवी शाळा. या भटकंतीतला एक फायदा मात्र शहरी मध्यमवर्गाला सहसा मिळत नाही. देशातल्या अनेक लष्करी ठाण्यांना लागून गोल्फचे मैदान असते आणि अधिकाऱ्याच्या मुलाला तिथे खेळता येते. अनिर्बनने वयाच्या आठव्या वर्षी वडिलांच्या बोटाला धरूनच हा खेळ सुरू केला.

भारतात गोल्फ १८२९ मध्ये कलकत्त्यात आला. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब तोच. मुंबईतही १८४२ मध्ये क्लब निघाला. खेळ साहेबांचा, नंतर साहेबी थाटाच्या देशी लोकांचा. त्यामुळे व्यावसायिक खेळाडू दोनच वाटांनी घडत आले. एक वाट कॅडींची, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या मुलांची. साहेबांचा खेळ पाहून, जुन्या काठ्या मागून घेऊन त्यांनी तो आत्मसात केला. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर याच वाटेने आला. दुसरी वाट लष्करी किंवा सधन घरांतल्या मुलांची. लाहिरी या दुसऱ्या वाटेचा. २००६ च्या दोहा आशियाई क्रीडास्पर्धेत सांघिक रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता आणि २००७ मध्ये तो व्यावसायिक झाला.

व्यावसायिक होणे म्हणजे नेमके काय, हे क्रिकेटच्या सवयीने पाहिले तर चटकन कळत नाही. गोल्फमध्ये मंडळाचा करार नसतो आणि ठरलेला पगारही नसतो. बहुतेक स्पर्धा चार दिवसांच्या, रोज १८ होल. दोन दिवसांनंतर ‘कट’ लागतो. मागे पडलेले जवळपास निम्मे खेळाडू घरी जातात आणि त्यांना बक्षिसातून सहसा दमडीही मिळत नाही. विमानाचे तिकीट, हॉटेल आणि कॅडीचा मेहनताना मात्र त्यांच्याच खिशातून जातो. वर्षभराच्या कमाईची किंवा गुणांची यादी असते. तिच्यात ठरावीक क्रमांकाच्या वर राहिले तर पुढच्या वर्षी खेळण्याचा हक्क टिकतो. या हक्कालाच खेळाडू ‘कार्ड’ म्हणतात. भारतीय टूर, त्यावर आशियाई टूर, मग युरोपीय आणि सर्वांत वर अमेरिकेची पीजीए टूर अशी ही चढण असते. प्रत्येक पायरीवर कार्ड कमवावे लागते आणि कमावलेले कार्ड हातचे जाऊही शकते.

लाहिरी या पायऱ्या जवळपास क्रमाने चढला. २००९ मध्ये तो भारतीय टूरच्या कमाईच्या यादीत पहिला आला. २०११ मध्ये पॅनासॉनिक ओपन जिंकून आशियाई टूरवरचे पहिले विजेतेपद मिळवले. २०१२ आणि २०१३ मध्ये सेल-एसबीआय ओपन सलग दोनदा जिंकली. ही तिन्ही विजेतेपदे दिल्ली गोल्फ क्लबवरची आणि तिन्ही प्लेऑफमधली आहेत. चार दिवसांनंतर फटके बरोबरीत सुटले की एकेक होल खेळून निकाल लावतात, तो प्लेऑफ. दिल्लीच्या या मैदानावर दोन्ही बाजूंना दाट झाडी असून मधली पट्टी अरुंद आहे. लांब फटक्यापेक्षा नेमका फटका इथे अधिक किंमत मिळवून देतो. ही जागा लाहिरीला मानवली.

त्याचे प्रशिक्षक विजय दिवेचा. शिवाय एक साधना वाचकांना ओळखीची वाटेल, ती म्हणजे विपश्यना. इगतपुरीच्या केंद्रामुळे महाराष्ट्रात हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. लाहिरी अनेक वर्षे ही साधना करत आला आहे आणि खेळातल्या स्थैर्याचे श्रेय तिला देतो. एका फेरीला चार-पाच तास लागतात, प्रत्यक्ष फटके मारण्यात त्यातली मोजकी मिनिटे जातात. उरलेला सारा वेळ खेळाडू स्वतःच्या मनासोबत चालत असतो. अशा खेळात श्वासाकडे लक्ष ठेवण्याची सवय कामी येते, हे पटण्यासारखे आहे.

२०१२ मध्ये इंग्लंडच्या रॉयल लिथम मैदानावर तो पहिल्यांदा ब्रिटिश ओपन खेळला. ही जगातल्या चार प्रमुख स्पर्धांपैकी, म्हणजे ‘मेजर’पैकी, सर्वांत जुनी. १८६० मध्ये स्कॉटलंडच्या प्रेस्टविक गावी ती सुरू झाली. तिसऱ्या फेरीत नवव्या होलवर लाहिरीचा पहिलाच फटका थेट होलमध्ये गेला. २०१४ मध्ये इंडोनेशिया आणि मकाव इथे जिंकून देशाबाहेर जिंकता येते हेही त्याने दाखवले. मकावमध्ये एक फेरी अवघ्या ६१ फटक्यांत संपवली. त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला.

मग २०१५ उजाडले. फेब्रुवारीत क्वालालंपूरची मलेशियन ओपन त्याने एका फटक्याने जिंकली. त्याच महिन्यात दिल्लीत इंडियन ओपन होती. अखेरच्या दिवशी सकाळी तो सात फटक्यांनी मागे होता. एस. एस. पी. चौरसिया आघाडीवर होता, पण त्याची आघाडी ओसरत गेली, प्लेऑफ झाला आणि पहिल्याच होलवर लाहिरी जिंकला. या दोन्ही स्पर्धा युरोपीय टूरच्याही होत्या, म्हणून एका महिन्यात त्याच्यापुढे युरोपची दारे उघडली. जागतिक क्रमवारीत तो ३३ व्या क्रमांकावर पोहोचला. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला. मेजर स्पर्धेत इतक्या वर तोवर कोणताही भारतीय गेला नव्हता. वर्षाअखेर आशियाई टूरच्या यादीतही तो पहिला होता आणि अमेरिकेच्या टूरचे कार्ड हाती होते.

याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दक्षिण कोरियातील प्रेसिडेंट्स कपसाठी त्याची निवड झाली. अमेरिका विरुद्ध युरोप वगळून उर्वरित जग अशी ही सांघिक लढत. तिच्यात खेळणारा तो पहिला भारतीय. अखेरच्या दिवशी क्रिस कर्कविरुद्ध अठराव्या होलपर्यंत बरोबरी होती. कर्कने लांबचा पट, म्हणजे होलजवळच्या आखूड गवतावरचा घरंगळता फटका, होलमध्ये टाकला. लाहिरीचा सुमारे चार फुटांचा पट, जो तो एरवी दहांत नऊ वेळा टाकील, काठावरून गेला. अमेरिका १५½–१४½ अशी जिंकली. तो पट पडला असता तर निव्वळ बेरजेने सामना १५–१५ झाला असता. अर्थात पराभवाचे खापर एकट्यावर फोडणे अन्यायाचे ठरेल, कारण अर्धे-अर्धे गुण इतरांनीही गमावले होते. दोन वर्षांनी न्यूजर्सीत त्याची पुन्हा निवड झाली, तेव्हा कोरियाच्या सी वू किमसोबत एक सामना जिंकून त्याने अमेरिकेचा विजय एक दिवस लांबवला.

अमेरिकेतली वर्षे मात्र खडतर गेली. मैदाने लांब, गवत निराळे, आणि पहिल्या शंभरातला प्रत्येक खेळाडू जिंकू शकेल असा. २०१७ मध्ये मेमोरियल स्पर्धेत तो संयुक्त दुसरा आला. पण पुढे कट हुकण्याचे प्रमाण वाढले आणि क्रमवारी घसरली. रिओ आणि टोकियो या दोन ऑलिंपिकमध्ये तो भारताकडून खेळला. टोकियोत पुरुष गटात त्याच्या जोडीला उदयन माने होता. अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतल्यामुळे माने या मराठी आडनावाच्या गोल्फपटूला आयत्या वेळी ही संधी मिळाली होती.

मार्च २०२२ मध्ये फ्लोरिडातील सॉग्रास इथे प्लेयर्स चॅम्पियनशिप सुरू झाली, तेव्हा लाहिरी जगात ३२२ वा होता. पावसाने स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली. त्या दिवशी तो आघाडीवर होता. ऑस्ट्रेलियाच्या कॅमरन स्मिथने दहा बर्डींची बरसात केली (होलसाठी ठरलेल्या फटक्यांहून एक कमी लागला की ती बर्डी), तरी अठराव्या होलवर चेंडू पाण्यात घालवून एक फटका गमावला. बर्डी साधली तर लाहिरीला प्लेऑफ मिळणार होता. ती झाली नाही. ठरलेल्या फटक्यांहून बारा कमी, म्हणजे उणे बाराने तो दुसरा, उणे तेराने स्मिथ पहिला. बक्षीस २१ लाख ८० हजार डॉलर, त्याच्या तोवरच्या आयुष्यातले सर्वांत मोठे. क्रमवारीत तो पुन्हा पहिल्या शंभरात आला. चढणीच्या हिशेबात हा उपविजय त्याच्या बऱ्याच विजयांहून मोलाचा ठरला, कारण त्याने अमेरिकेतले कार्ड सुरक्षित केले.

पण त्याच वर्षी ऑगस्टअखेर तो सौदी अरेबियाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फमध्ये गेला. तेव्हा तिथे कट नव्हता, खेळाडू ४८ होते, फेऱ्या तीनच आणि शेवटच्या खेळाडूलाही पैसे मिळत. पहिल्याच स्पर्धेत, बोस्टनजवळ, तो प्लेऑफमध्ये हरला. जुलै २०२४ मध्ये स्पेनच्या वाल्देरामा मैदानावर अखेरच्या होलवर छोटा पट चुकला आणि प्लेऑफमध्ये सर्जिओ गार्सिया जिंकला. संघ म्हणून यश मिळाले. ब्रायसन डीशाँबोच्या ‘क्रशर्स’ने २०२३ चे सांघिक विजेतेपद मिळवले, त्यात लाहिरी होता. हमखास पैशाच्या या सुरक्षिततेची किंमतही होती. लिव्हच्या स्पर्धांना त्या काळात जागतिक क्रमवारीचे गुण मिळत नव्हते, त्यामुळे तो यादीत खाली घसरला. ऑलिंपिकची निवड त्याच यादीवरून होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताकडून शुभंकर शर्मा आणि गगनजीत भुल्लर खेळले.