वाट मोकळी ठेवा

बंगळूरच्या चिकपेटेत भर दुपारी उभ्या असलेल्या माणसाला अरण्याची आठवण होणे कठीणच. दोन्ही अंगांना रेशमी साड्यांची व कापडचोपडाची दुकाने, डोक्यावर गाठोडी घेऊन वाट काढणारे हमाल आणि लग्नाच्या खरेदीस आलेली कुटुंबे! अशा गल्लीत वन्य पशूला पाऊल ठेवण्यास जागा ती कोठून मिळणार? तथापि या पेटेच्या जन्मकथेतच अरण्य आहे. १५३७ च्या सुमारास केंपेगौडाने हे नगर वसविले, तेव्हा दोड्डपेट व चिकपेट जेथे मिळतात त्या चौकातून चार दिशांना चार नांगर हाकून त्याने नगराची आखणी केली, असे सांगतात. दुसरी आख्यायिका अशी की, शिकारीस निघालेल्या केंपेगौडाला एक ससा शिकारी कुत्र्याच्याच पाठीस लागलेला दिसला आणि ही भूमी शूरांची आहे असे जाणून त्याने तिची निवड केली. पुढे १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि मराठी बोलही या गल्ल्यांतून ऐकू येऊ लागले.

नांगरांनी आखलेली ती सीमा केव्हाच पुसली गेली. १९५१ च्या जनगणनेत बंगळूरची लोकसंख्या आठ लाखांच्या आत होती. २०११ मध्ये ती ८४ लाखांवर गेली. तळी, माळराने आणि नाचणीची शेते यांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. दक्षिणेस पंचवीसेक किलोमीटरांच्या आत बन्नेरघट्ट्याचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे हत्ती, अस्वल आणि बिबट्या आजही नांदत आहेत. चिकपेटेत दुकान असलेल्या कुटुंबाचे बिऱ्हाड पुष्कळदा आता शहराच्या कडेला असते, मुले तिकडच्याच शाळांत जातात. म्हणून वन्य पशूची गाठ पडली तर काय करावे, हा प्रश्न आज पेटेतल्या माणसालाही परका राहिलेला नाही.

एका रविवारची हकीकत

७ फेब्रुवारी २०१६ हा रविवारचा दिवस होता, हे मोठेच सुदैव. शहराच्या पूर्व भागात कुंदलहळ्ळी येथील एका खाजगी शाळेच्या कॅमेऱ्यात, पहाटेच्या अंधारात एक बिबट्या व्हरांड्यातून चालताना दिसला. मुलांना सुट्टी होती. सकाळी वनखात्याची माणसे, पोलीस आणि पशुवैद्य शाळेत पोहोचले आणि शोध सुरू झाला. बिबट्या आडोसा धरून होता. परंतु ही वार्ता दूरचित्रवाणीवरून पसरताच शाळेभोवती हजारोंचा जमाव जमला. भिंतींवर, गच्च्यांवर, झाडांवर माणसे चढली. कोणी शिट्ट्या घालीत होते, कोणी छायाचित्रे घेत होते.

त्या दिवशी वनखात्याच्या मदतीस वन्यजीव-अभ्यासक संजय गुब्बी आले होते. बिबट्यांच्या अभ्यासात ज्यांचे आयुष्य चालले आहे असे हे गृहस्थ. कोंडलेला बिबट्या अकस्मात बाहेर पडला आणि पोहण्याच्या तलावापाशी त्यांच्यावर झेपावला. फाटकावर चढून सुटू पाहणाऱ्या गुब्बींना त्याने खाली ओढले. त्यांच्या हाताला व कमरेजवळ खोल जखमा झाल्या. तो प्रसंग कॅमेऱ्याने टिपला आणि देशभर पाहिला गेला. आणखीही काही जण घायाळ झाले. अखेर रात्री आठच्या सुमारास भुलीच्या औषधाने बिबट्या निपचित पडला आणि त्याला बन्नेरघट्ट्यास नेण्यात आले. पुढचे काही दिवस शहरभर बिबट्या दिसल्याच्या वावड्या उठत राहिल्या व अनेक शाळांना सुट्टी द्यावी लागली. आठवडाभरातच तो बिबट्या बन्नेरघट्ट्याच्या पिंजऱ्यातूनही निसटला!

ही चित्रे पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ‘केवढा क्रूर प्राणी!’ असे उद्गार काढले. पण थोडा विचार करू. अपरिचित भिंती, चोहीकडून गोंगाट आणि बाहेर पडण्यास एकही वाट नाही; अशा अवस्थेत दिवसभर कोंडलेल्या जनावराने दुसरे काय करावे? दबून राहणे आणि काळोख पडताच निघून जाणे, हा बिबट्याचा धर्म. आपण त्याची वाट अडविली, तेव्हा त्याने वाट फोडली. स्वतः गुब्बी बरे होऊन पुन्हा त्याच कामास लागले. पुढे २०२१ मध्ये त्यांनी बिबट्यांवर एक ग्रंथही प्रसिद्ध केला.

जमाव जमला की काय होते याचे याहून दारुण उदाहरण म्हैसूरचे आहे. ८ जून २०११ रोजी पहाटे दोन तरुण रानहत्ती त्या शहरात शिरले. बिथरलेल्या हत्तींपैकी एकाने भररस्त्यात एका माणसाचा प्राण घेतला आणि काही तास शहर भयाने थिजून गेले. बंगळूरच्या दक्षिण भागात कूडलू गेटजवळ २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस एक बिबट्या आला. चार-पाच दिवसांनी त्याला पकडताना पशुवैद्यास जखमा झाल्या आणि शेवटी गोळीने बिबट्याचाच अंत झाला.

भूल देणे सोपे नसते

‘सुई मारावी आणि उचलून न्यावे, एवढे काय अवघड?’ असे गर्दीतला प्रत्येक जण म्हणत असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. भुलीच्या औषधाची मात्रा जनावराच्या वजनावरून ठरवावी लागते आणि ते वजन दुरूनच अजमावयाचे असते. पूर्ण वाढलेला नर बिबट्या पन्नास ते सत्तर किलोंचा भरतो. मात्रा कमी पडली तर तो अर्धवट शुद्धीत चवताळतो. अधिक झाली तर प्राणास मुकतो. सुई अचूक बसली तरी गुंगी येण्यास दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि भ्यालेल्या, खवळलेल्या जनावरावर औषधाचा अंमल आणखी उशिरा चढतो. ती पंधरा मिनिटे सर्वांत धोक्याची! त्या वेळी आसपास शांतता असेल तर जनावर एखाद्या कोपऱ्यात बसते; आरडाओरडा असेल तर ते दिसेल त्या दिशेने धावते.

पकडून दूर सोडले तर?

पूर्वी अशा प्रश्नाचे उत्तर बंदूक हे होते. बंगळूरचे रहिवासी केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) हे नामांकित शिकारी व लेखक होऊन गेले. गुम्मळापूरच्या ज्या नरभक्षक बिबट्याची कथा त्यांनी १९५४ च्या आपल्या पुस्तकात सांगितली आहे, त्याने बेचाळीस माणसे मारली होती. अँडरसनसाहेबांसारख्या निष्णात शिकाऱ्यालाही त्याच्या येण्याची चाहूल लागली ती एका भटक्या कुत्र्याच्या गुरगुरण्यामुळे. त्याच रात्री त्यांनी बिबट्या टिपला आणि त्या कुत्र्याला आपल्या घरी नेले.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाल्यापासून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या आज्ञेवाचून बिबट्याला मारता अगर पकडता येत नाही. मग ‘पकडून दूर रानात सोडा’ ही मागणी सर्वत्र होऊ लागली. ती ऐकण्यास सौम्य वाटते. तिचा परिणाम काय होतो, हे महाराष्ट्रानेच अनुभवले आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात २००१ पासून उसाच्या शेतांतले बिबटे मोठ्या प्रमाणावर धरून अन्यत्र सोडण्यात आले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळाचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यापूर्वी तेथे वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत. त्यानंतर ती सरासरी सतरावर गेली! कारण उघड आहे. बिबट्याला आपल्या मुलखाची ओढ असते. परक्या रानात सोडलेला बिबट्या घराच्या दिशेने निघतो आणि अनोळखी वस्त्यांतून भेदरलेला हिंडतो. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा, बहुधा अननुभवी बिबट्या घेतो.

याच्या उलट चित्र अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) अकोले परिसरात दिसले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या शेतीच्या मुलखात, दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळल्याचे अत्रेय यांच्या २०१३ च्या अभ्यासात नमूद आहे. ते रात्री घरांच्या जवळून जात. दिवसा उसात निजत. सह्याद्रीतील महादेव कोळी आणि ठाण्या-पालघरचे वारली वाघोबाला देव मानतात, वाघबारसेला त्याची पूजा करतात. ‘तू तुझ्या वाटेने जा, आम्ही आमच्या वाटेने जातो’ असा तो जुना करार आहे.

मात्र या गोष्टीला दुसरी बाजू आहे, तीही मांडणे अवश्य आहे. म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर तालुक्यात ऑक्टोबर २०२२ ते जानेवारी २०२३ या अवधीत बिबट्याने चार जणांचे प्राण घेतले. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिघांचा बळी गेला. त्यांत दोन लहान मुले होती. ज्या आईचे मूल गेले तिला सहजीवनाचे पाठ देणे हा निर्दयपणा होय. माणसांवर वारंवार हल्ला करणारे जनावर पकडणे, प्रसंगी मारणे, यास कायद्यातही जागा आहे. पण नुसता दृष्टीस पडलेला बिबट्या आणि नरभक्षक झालेला बिबट्या यांत अंतर आहे. पहिल्याला छेडून आपणच दुसरा घडवू नये, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

घरात साप निघाला तर

बिबट्या दिसण्याचा योग शहरात क्वचितच येतो. सापाशी गाठ मात्र कोणाचीही पडू शकते. जेथे धान्य आणि गोदामे, तेथे उंदीर. आणि जेथे उंदीर, तेथे धामण किंवा नाग. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे मृत्यू पावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाच्या प्रत्येक घटनेची सक्तीने नोंद करण्याचा आदेश काढला. येथेही नियम तोच. साप दिसताच मुलांना व वडीलधाऱ्यांना दुसऱ्या खोलीत न्यावे, त्याच्यावर दुरून नजर ठेवावी आणि जाणत्या सर्पमित्रास बोलवावे. काठी घेऊन कोपऱ्यात कोंडलेला सापच बहुधा दंश करतो. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. रोग्याला धीर देऊन, चालू न देता, त्वरित मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावे. सर्पविषावर प्रतिविष हेच औषध. मंत्रतंत्रात घालविलेली घटका परत येत नाही.

कुटुंबाने ध्यानात ठेवावे असे

शहराच्या कडेला राहणाऱ्या कुटुंबांनी काही साध्या सवयी लावून घेतल्या, तर पुष्कळ अनर्थ टळतील. उष्टेखरकटे व मांसाचे टाकाऊ भाग उघड्यावर टाकू नयेत. त्यावर कुत्री व डुकरे पोसली जातात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. अंगणात व वाटेवर दिवा असावा. तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटे बाहेर सोडू नये. शौचास जाणाऱ्यानेही सोबत न्यावी. बसलेला अगर ओणवा माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा भासतो, हे लक्षात ठेवावे.

बिबट्या समोर आलाच तर पळू नये, कारण पळणाऱ्याच्या पाठीस लागणे ही त्याची उपजत प्रवृत्ती आहे. लहान मुलाला चटकन उचलून घ्यावे, ताठ उभे राहावे, मोठ्याने बोलावे आणि त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे सरावे. तो इमारतीत शिरला असल्यास आपण दारे बंद करून आत राहावे व वनखात्यास अथवा ११२ क्रमांकावर पोलिसांस कळवावे. शेजाऱ्यांना पाहण्यास बोलावू नये. त्याचे चित्र घेण्यासाठी खिडकीशी गर्दी करू नये. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भोवती २००४ साली बिबट्यांनी अनेकांचे बळी घेतले होते. २०११ पासून वनखाते, अभ्यासक व नागरिक यांनी मिळून कचरा, दिवाबत्ती आणि लोकशिक्षण यांकडे लक्ष दिले. बिबटे आजही तेथे आहेत. परंतु त्यांना पाहून जमाव जमविण्यापेक्षा घरात थांबण्याची शिकवण पुष्कळ घरांत पोहोचली आहे.

भय वाटणे यात लाज नाही. भयाने माणूस सावध होतो, आणि सावधपणानेच आपले पूर्वज अरण्यात टिकले. परंतु भयाच्या जोडीस कुतूहल आणि गर्दी आली की विचार नाहीसा होतो. आपल्या दारी चुकून आलेल्या त्या मुक्या जनावराला ना आपले घर हवे असते, ना आपला जीव. त्याला हवी असते ती बाहेर पडण्याची वाट. मुलांना पुढील सुट्टीत बन्नेरघट्टा दाखविण्यास न्याल, तेव्हा त्यांना या प्राण्यांची नावे तर सांगाच, पण ही एक गोष्टही अवश्य सांगा. कधीकाळी गाठ पडलीच, तर दोघांचेही प्राण वाचविणारा उपाय हाच आहे.