कोळ्यांच्या राखणीतली बिअर

ब्रुसेल्समध्ये शुक्रवारी संध्याकाळी आम्ही ज्या बिअरच्या दुकानात शिरलो, त्याच्या पाटीवर लिहिलं होतं ‘आ ला मोर स्युबित’, म्हणजे ‘अकस्मात मृत्यू’! भिऊ नका. मालकाच्या आधीच्या जागेत बेल्जियमच्या नॅशनल बँकेचे कर्मचारी जेवणाच्या सुटीत फासे खेळत. कचेरीत परतायची वेळ झाली, की शेवटच्या झटपट डावाला हे नाव. १९२८ साली नव्या जागेलाही तेच दिलं गेलं. बँकेत जन्म काढलेल्या मला ते फारच आवडलं.

शनिवारी ‘कांतियाँ’ हा १९०० सालचा छोटा कारखाना पाहिला. इथे विकतचं यीस्ट घालत नाहीत. गहू आणि बार्लीचा उकळलेला काढा माळ्यावरच्या तांब्याच्या उथळ हौदात रात्रभर उघडा ठेवतात; हवेतलं यीस्ट आपणहून त्यात उतरतं. आंबोळीचं पीठ रात्रीत फुगतं ना, त्याच जातीची किमया. मग लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षं मुक्काम. कोळिष्टकं कुणी झाडत नाही, कारण माश्यांचा बंदोबस्त कोळीच करतात. चव आंबट, थेट कैरीची आठवण करून देणारी.

तीन वर्षं अडकलेला माल! असं कर्जप्रकरण टेबलावर आलं असतं, तर मी दहा शंका काढल्या असत्या. पण इथली धास्ती थंडीची आहे. काढा रात्रीत निवायला गार हवा लागते, म्हणून बिअर फक्त थंडीच्या महिन्यांतच शिजते. हिवाळे ऊबदार होत चालले, तशा त्या रात्री कमी होत आहेत. यंत्राने काढा गार करता येईल. मात्र माळ्यावरची हवा त्यात उतरणार नाही.