साडीच्या मापाचं घर

भायखळ्याचा सोफिया झुबेर रस्ता किंवा डिमटिमकर रस्ता घ्या. ऐंशीच्या दशकात तिथल्या फुटपाथवर संसार मांडलेल्या बायकांनी स्वतःच्या घराचा आराखडा स्वतःच केला. मुंबईच्या घरबांधणीत इतकं शहाणपणाचं काम फार थोडं झालंय, असं माझं जुनं मत आहे.

पार्श्वभूमी झटपट उरकतो. १९८१ च्या ऐन पावसाळ्यात अंतुले सरकारनं फुटपाथवासीयांना हुसकवायला घेतलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही रहिवासी कोर्टात गेले. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठानं उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्याच हक्काचा भाग ठरवला, पण झोपड्या हटवायची वाटही पालिकेला मोकळी ठेवली. कायद्याच्या वर्गात पहिला भाग कौतुकानं शिकवतात. फुटपाथवरच्या माणसाला मिळाली ती पावसाळ्यापुरती मुदत.

त्याच वर्षी शीला पटेल यांच्या ‘स्पार्क’ संस्थेनं या वस्त्यांची मोजणी केली. सुमारे सहा हजार कुटुंबं निघाली. लोक आळशी म्हणून रस्त्यावर नव्हते; काम चालत जाण्याच्या अंतरावर होतं म्हणून तिथं होते. १९८६ मध्ये बायकांची ‘महिला मिलन’ उभी राहिली आणि जोडीला आले जोकिन अर्पुथम.

जोकिन यांच्याबद्दल लिहायचं तर अंक पुरणार नाही. कोलारच्या सोनखाणींच्या गावातून आलेला हा सुतार ट्रॉम्बेच्या जनता कॉलनीत राहायचा. पालिका कचरा उचलेना, तेव्हा त्यानं पोरं गोळा केली आणि तो कचरा थेट पालिकेच्याच दारात नेऊन टाकला! १९७६ मध्ये, आणीबाणीत, ती वस्तीच उठवून चीता कॅम्पला नेली. त्यानंतर मोर्च्यांइतकाच भर त्यांनी आकड्यांवर दिला. सरकारपेक्षा आपली यादी पक्की हवी, हा त्यांचा हिशेब.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. बचतीपासून सुरुवात झाली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका प्रत्येकीच्या प्लास्टिकच्या पिशवीत रंगीत कागदाचे तुकडे ठेवायच्या. रंगावरून रक्कम कळायची. मग घराची पाळी आली. फूट-इंच परके, म्हणून माप साडीचं. साडी धरायची, लांबी-उंची ठरवायची, मग बांबू आणि कापडानं खऱ्या आकाराचं घर उभं करून आत शिरून बघायचं. चूल कुठं, पाणी कुठं, लेकीसुना झोपणार कुठं, यावर वाद घालायचे. त्यातून निघालं चौदा फूट उंचीचं, पोटमाळ्याचं घर. जमीन तेवढीच, झोपायची जागा जास्त. चाळीत वाढलेल्या कुणालाही हे पटेल. संडास मात्र त्यांनी घराबाहेर, चार-पाच कुटुंबांत एक असा मागितला. अधिकाऱ्यांना हा मागासपणा वाटला. आतला संडास खोलीचा किती कोपरा खातो, हे एवढ्याशा खोलीत राहिलेल्यालाच कळतं.

या घरांची प्रदर्शनं भरली. खात्यांतले साहेब आले, आणि नकाशा समजावून सांगत होत्या कालपर्यंत हाकलल्या गेलेल्या बायका. ही पद्धत पुढं दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेली. जोकिन यांना २००० मध्ये मॅगसेसे मिळालं. मानखुर्दच्या मिलन नगरात फुटपाथवरच्या कुटुंबांना पक्की घरं मिळाली, पण त्याला दीड-दोन दशकं जावी लागली. हा उशीर मला आजही अक्षम्य वाटतो.

तुमच्याही इमारतीचा पुनर्विकास निघाला असेल, तर बिल्डरच्या नकाशावर सही करण्याआधी ती खोली गच्चीवर खडूनं आखा आणि घरातल्या बायकांना आत उभं करून विचारा.