मॅप कानात, नजर रस्त्यावर

आज आपल्या वस्तीतल्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी चार-सहा दुचाकी उभ्या दिसतात. कुणी जेवणाची पार्सलं पोचवतो, कुणी कुरिअर वाटतो, कुणी बाईक टॅक्सी चालवतो, कुणी एसी आणि लिफ्ट दुरुस्तीसाठी शहरभर फिरतो. आपल्या नर्स आणि आशा भगिनीही स्कूटीवरून गृहभेटींना जातात. या सगळ्यांना पोटापाण्याचा रस्ता आता मोबाईलमधला मॅप दाखवतो. मग आरोग्याच्या पानावर मॅपची चर्चा कशाला? कॅज्युअल्टीत काम करताना दुचाकीवरून पडलेली माणसं आम्ही पुष्कळ पाहिली. केसपेपरवर ‘गाडी घसरून पडला’ एवढंच लिहिलेलं असायचं. पडण्याआधीच्या दोन सेकंदांत त्याची नजर कुठे होती, ते कुठेच लिहिलं जात नाही.

एक साधा हिशेब करू. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे जाते. मॅपवरचं वळण नीट बघायला तीन सेकंद लागले, तर ३३ मीटर आपण डोळे मिटल्यासारखे गेलो. म्हणजे जवळजवळ तीन बेस्ट बस एकामागे एक उभ्या केल्या तेवढं अंतर. तेवढ्यात खड्डा येतो, रिक्षाचं दार उघडतं, एखादं मूल रस्त्यावर धावतं. म्हणून मॅपची व्यवस्था निवडताना एकच कसोटी लावा. डोळ्यांना आणि हातांना कमीत कमी काम देणारी व्यवस्था चांगली.

मोबाईल कुठे ठेवायचा?

सगळ्यात वाईट जागा म्हणजे हेल्मेटच्या आत, कानाजवळ. पुष्कळ जण तिथे मोबाईल खुपसतात. त्यासाठी हेल्मेट सैल करावं लागतं आणि पट्टा उघडा राहतो. सैल हेल्मेट पडताना आधी निघून जातं. शिवाय कानशिलाचं हाड कवटीत सगळ्यात पातळ असतं आणि त्याच्या आतून रक्तवाहिनी जाते. नेमक्या त्या जागी कडक वस्तू दाबून ठेवायची आणि त्यावर हेल्मेट चढवायचं, याला संरक्षण म्हणता येत नाही.

दुसरी वाईट जागा म्हणजे डावा हात. कायदाही इथे स्पष्ट आहे. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार, गाडी चालवताना मोबाईलसारखं साधन फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतं, आणि तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. हातात मोबाईल धरून चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

चांगली जागा म्हणजे हँडलच्या मधोमध, होल्डरमध्ये. स्पीडोमीटर आणि इंडिकेटरचे दिवे झाकले जाणार नाहीत, अशी उंची ठेवा. आरशाच्या दांडीवर बसणारे होल्डर स्वस्त मिळतात, पण वजनाने आरसा फिरतो आणि मागून येणारा ट्रक दिसत नाही. होल्डर घेताना तो चारही कोपरे धरतो का ते बघा. नुसत्या स्प्रिंगवर धरणारा पहिल्याच मोठ्या खड्ड्यात मोबाईल सोडतो. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहा. होल्डर किंवा चार्जरची वायर कुठे अडकता कामा नये.

गाडीच्या थरथरीचाही विचार करा. आयफोन बनवणाऱ्या अ‍ॅपल कंपनीने २०२१ मध्ये जाहीर सूचना दिली होती, की मोठ्या मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. लहान इंजिनाच्या आणि इलेक्ट्रिक स्कूटरवरही कंपन शोषणारा होल्डर वापरावा, असं तिने सांगितलं. अशी यंत्रणा इतर अनेक कंपन्यांच्या मोबाईलमध्येही असते. मोबाईल हप्त्यावर घेतलेला असेल, तर रबरी डँपर असलेल्या होल्डरवर थोडे जास्त पैसे खर्च करणं परवडतं.

कानाने ऐका

मॅपचा आवाज मराठीत लावता येतो. गाडी सुरू करण्याआधी पत्ता टाका, आवाज चालू करा आणि मगच निघा. सूचना ऐकायची सवय झाली, की स्क्रीनकडे बघण्याची गरज फार कमी उरते. इयरफोन वापरायचा तर एकाच कानात, तोही हळू आवाजात. दुसरा कान अ‍ॅम्ब्युलन्ससाठी आणि हॉर्नसाठी मोकळा हवा. दोन्ही कान बंद करून गाणी आणि मॅप एकत्र ऐकणारा चालक अर्धा रस्ता गमावून बसतो. दिवसाचे आठ-दहा तास मोठ्या आवाजात कान भरून ठेवले तर ऐकू येणं कायमचं कमी होतं, आणि ते औषधाने परत येत नाही.

काही नव्या गाड्यांच्या मीटरवरच वळणाचा बाण येतो. टीव्हीएस एनटॉर्क किंवा रॉयल एनफिल्डचा ट्रिपर ही त्याची उदाहरणं. मोबाईल खिशात राहतो, पावसात भिजत नाही, आणि नुसता बाण एका नजरेत कळतो. गाडी बदलायचीच असेल तर ही सोय जरूर बघा. पण फक्त तेवढ्यासाठी कर्ज काढू नका. मोटारसायकलसाठी बनवलेली वेगळी जीपीएस यंत्रंही मिळतात. पाऊस आणि हातमोजे त्यांना चालतात, पण ती महाग असतात आणि लांबच्या सफरींसाठी जास्त उपयोगी. शहरात रोज फिरणाऱ्याला होल्डर आणि आवाज एवढं पुरतं.

चाळिशी पार केलेल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. या वयात डोळ्याला दूरच्या रस्त्यावरून जवळच्या स्क्रीनवर यायला वेळ लागतो, आणि बारीक अक्षर तर दिसतच नाही. तुम्हाला आवाजाची गरज तरुणांपेक्षा जास्त आहे. डोळे तपासून घ्या आणि मोबाईलची अक्षरं मोठी करा.

दुचाकीचा पर्याय निवडा

गुगल मॅपमध्ये मोटारसायकलचं वेगळं चिन्ह आहे. ही सोय डिसेंबर २०१७ मध्ये भारतात सुरू झाली. तरी अनेकांचा मॅप अजून कारवरच असतो. मुंबईत याचा परिणाम मोठा होतो. वांद्रे-वरळी सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड, अटल सेतू आणि जे. जे. उड्डाणपूल इथे दुचाकीला बंदी आहे. गोवंडी-मानखुर्दहून फोर्टकडे निघालेल्याला कारचा पर्याय ईस्टर्न फ्रीवेवर चढवू शकतो. चूक लक्षात आल्यावर काही जण घाबरून तिथेच उलटे वळतात आणि समोरून भरधाव गाड्या येतात. असं झालं तर उलटं वळू नका. कडेने सावकाश पुढे जा आणि पहिल्या उतारावर बाहेर पडा. मॅप काहीही सांगो, फाट्यावरची पाटी आधी वाचा.

उड्डाणपुलाखाली आणि उंच इमारतींमध्ये मॅपवरचा निळा ठिपका उड्या मारतो, कारण उपग्रहाचे सिग्नल भिंतींवर आपटून येतात. आपण पुलावर आहोत की पुलाखाली, हे मॅपला नेहमी कळत नाही. गोंधळ झाला तर रस्त्याच्या मध्ये थांबू नका. कडेला घ्या, मग बघा. नेट गेलं तरी जीपीएस चालतं, नकाशा मात्र लागतो. आपल्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा.

उन्हात चार्जिंगला लावलेला मोबाईल तापतो, मग स्क्रीन मंद होते किंवा चार्जिंग थांबतं. सिग्नलला सावलीत उभे राहा. पावसात भिजलेली स्क्रीन बोटाचं ऐकत नाही, तेव्हा मोबाईल बंद पाऊचमध्ये ठेवून फक्त आवाजावर चला. भिजलेल्या मोबाईलला चार्जर लावू नका. गाडीवर चार्जिंग सॉकेट बसवताना फ्यूज घालूनच बसवून घ्या. हॉर्नच्या वायरीतून जोड काढल्याने वायरिंग जळू शकतं.

घरच्यांचं काम

मॅप चालू असताना फोन आला, की स्क्रीनवर नाव येतं, आवाज थांबतो आणि वळण चुकतं. ‘कुठे पोचलास?’ हा प्रश्न आपण काळजीने विचारतो, पण विचारला जातो तो भर रहदारीत. घरात एक नियम करा. गाडीवर असणाऱ्याला फोन करायचा नाही, मेसेज टाकायचा. तो थांबला की उत्तर देईल. मोबाईलमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून फक्त एका नंबरला सूट देता येते. तो नंबर कोणाचा, हे घरात बसून ठरवा.

डिलिव्हरी करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. मॅप आणि ऑर्डर एकाच मोबाईलवर, आणि घड्याळ पळत असतं. ऑर्डर थांबूनच स्वीकारा. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने गिग कामगार हा शब्द कायद्यात आणला आहे. ई-श्रमवर नोंदणी करून घ्या. चांगला होल्डर आणि आयएसआय हेल्मेट ही कामाची साधनं आहेत. ती कंपनीने द्यावीत, ही मागणी एकट्याने नव्हे, संघटनेतून करा.

डोक्याला मार लागला तर

पडल्यावर माणूस उठला, बोलला, चहाही प्यायला, म्हणून निश्चिंत होऊ नका. कवटीच्या आत रक्त साचत असेल तर काही तास तो ठणठणीत वाटतो आणि मग अचानक कोसळतो. पहिले २४ तास त्याला एकटं ठेवू नका. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, झटके, एक बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणं, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच रुग्णालयात न्या. झोप लागली म्हणून सोडू नका, उठवून नाव विचारा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडत असेल तरच दोघांनी मिळून, मान सरळ धरून काढा.

अ‍ॅम्ब्युलन्ससाठी १०८, पोलिसांसाठी ११२. जखमीला मदत करणाऱ्याला कलम १३४अ चं संरक्षण आहे. पोलिस त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरवून दिलेल्या रुग्णालयांत रोख पैसे न भरता मिळतात. दाखल करतानाच या योजनेचं नाव घ्या.

या रविवारी घरातली दुचाकी दारात उभी करा. होल्डर घट्ट आहे का, मॅपवर दुचाकीचं चिन्ह आहे का, मराठी आवाज चालू आहे का, हेल्मेटचा पट्टा लागतो का, हे चारही घरातल्या सगळ्यांनी मिळून बघा. अर्धा तास लागेल. ज्याच्या कमाईवर चूल पेटते, त्याच्यासाठी तेवढा वेळ काढू या.