चाल आणि वेग

गेल्या आश्विनांतील एका संध्याकाळीं आमच्या ओसरीवर लहानसें भांडण झालें. नातू यंदा नववींत आहे. शाळेच्या मैदानावरील चारशें मीटरांची फेरी त्यानें शंभर सेकंदांत पुरी केली होती, आणि त्याच आकड्यांवर गुरुजींनीं घातलेलें उदाहरण तो सोडवीत बसला होता. 'सरासरी चाल, सेकंदास चार मीटर. सरासरी वेग, शून्य.' हें उत्तर त्यानें मोठ्यानें वाचतांच त्याची आजी स्वयंपाकघरांतून बाहेर आली आणि म्हणाली, "पोर घामानें चिंब होऊन घरीं आलें, आणि वेग शून्य? असलें कसलें शास्त्र तें!" सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. आयुष्याचीं बत्तीस वर्षें मीं मास्तरकींत घालविलीं. तेव्हां निवाडा माझ्याकडे येणें स्वाभाविक होतें.

निवाडा देण्यापूर्वीं एक कबुली दिली पाहिजे. माझा मूळ विषय संस्कृत. परंतु लहान शाळेंत 'मला हें येत नाहीं' असें म्हणून मास्तराचें चालत नाहीं. म्हणून कित्येक वर्षें मीं विज्ञानही शिकविलें. त्या काळांत 'वेग म्हणजे अंतर भागिले काळ' असें मीं फळ्यावर अगणित वेळां लिहिलें, आणि मुलांनीं तें भक्तिभावानें उतरवून घेतलें. पुस्तकांत 'चाल' हा शब्द होताच. पण चाल म्हणजे घोड्याची, नाहीं तर गाण्याची, असें मला वाटे, आणि 'वेग' हा संस्कृत शब्द अधिक भारदस्त दिसे. शोभेसाठीं मीं अर्थ बुडविला. आज हें लिहितों आहें तें त्या चुकीची फेड म्हणून.

अंतर म्हणजे पायांखालून गेलेली सगळी वाट. विस्थापन म्हणजे निघालों तेथपासून पोंचलों तेथपर्यंतची सरळ रेषा, आणि ती कोणत्या दिशेस गेली तेंही. अंतरास काळानें भागलें कीं सरासरी चाल मिळते. विस्थापनास भागलें कीं सरासरी वेग. नातू जेथून निघाला तेथेंच परत आला, म्हणून त्याचें विस्थापन शून्य आणि त्या शंभर सेकंदांचा सरासरी वेगही शून्य. घाण्याचा बैल दिवसभर चालतो. त्याच्या श्रमांस कोणी शून्य म्हणत नाहीं. तो निघाल्या जागेपासून कोठें पोंचला, एवढेंच येथें विचारलें आहे. "मग बैलालाच विचारा," असें म्हणून ती आंत गेली. पण राग थोडा उतरला होता.

यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची आगगाडी आमच्या वऱ्हाडांत 'शकुंतला' या लाडक्या नांवानें ओळखली जाई. १९९४ पर्यंत ती वाफेच्या एंजिनावर चाले. अलीकडे ती धांवत नाहीं. तिचा मार्ग सुमारें ११३ किलोमीटरांचा. परंतु नकाशावर दोन्ही गांवांमध्यें दोरा ताणला तर तो ८८ किलोमीटरांच्या आसपास भरतो. प्रवासास हिशेबापुरते सहा तास धरूं. सरासरी चाल ताशीं १९ किलोमीटरांच्या जवळ येते. सरासरी वेग मात्र ताशीं १५ हून थोडा कमी, आणि तोही 'पश्चिमेकडे, किंचित् वायव्येस झुकून' असें जोडल्यावांचून अपुराच.

दिशेची ही पुस्ती मला बाभुळगांवच्या बसथांब्यानें चांगली गिरवावयास लाविली. येथून यवतमाळ दक्षिणेस, धामणगांव उत्तरेस. एकदां मला धामणगांवास मुंबईकडची गाडी गांठावयाची होती. पहांटेच्या झोंपेंत समोर आलेल्या बसमध्यें चढलों. बस छान पळत होती. मीं समाधानानें डोळे मिटले. उघडले तेव्हां यवतमाळ आलें होतें. चाल उत्तम, वेग उलटा! रेल्वे अर्थातच गेली.

ज्या घरांत रोज पंचांग उघडलें जातें, तेथें तरी हा भेद नवा वाटूं नये. ग्रहांची दैनिक गति कलांमध्यें दिलेली असते, आणि ग्रह मागें सरूं लागला कीं तो 'वक्री' झाला असें आपण म्हणतों. नुसता आकडा ही चाल. मार्गी कीं वक्री हें कळलें म्हणजे वेग. शनि वर्षांतून सुमारें साडेचार महिने वक्री असतो. तो खरोखर मागें फिरत नाहीं. सूर्याभोंवतीं आपल्याहून सावकाश जाणाऱ्या त्या ग्रहास ओलांडून पृथ्वी पुढें जाते, तेव्हां तो आपणांस मागें सरल्यासारखा दिसतो. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें रस्त्यावर तिचें काम पडणार आहे.

भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या 'सिद्धांतशिरोमणी'त याहूनही सूक्ष्म भेद केला आहे. ग्रहाच्या आजच्या व उद्यांच्या स्थानांतील फरक ही त्याची स्थूल गति. त्या त्या क्षणाची ती तात्कालिक. चंद्राची मध्यम गति दिवसास ७९० कला ३५ विकला. परंतु तो कधीं मंद चालतो, कधीं शीघ्र. म्हणून तिथीचा अंत जवळ असतां चंद्राची तात्कालिक गतीच घ्यावी, असें त्यांचें सांगणें आहे. मोटारीच्या कांट्यावर दिसते ती तात्कालिक चाल. शकुंतलेची आपण काढली ती सरासरी. नातवाचा फेरीभरचा सरासरी वेग शून्य असला, तरी धांवत असतां कोणत्याही क्षणाचा त्याचा वेग शून्य नव्हता. हें आजीस सांगितलें तेव्हां खरा तह झाला.

इतक्यांत पुतण्या म्हणाला, "काका, परीक्षेपुरतें हें ठीक आहे. एरवीं याचा उपयोग काय?" तो पंचविशींतला, मोटारसायकलवरून रोज यवतमाळास नोकरीला जातो, आणि तो परत येईपर्यंत त्याच्या आईचें लक्ष फाटकाकडे असतें. मीं पाटी मागवली.

"समज, तूं ताशीं साठनें चालला आहेस. पुढें त्याच दिशेस ताशीं चाळीसनें ट्रक चालला आहे. ट्रकच्या हिशेबानें तूं फक्त वीसनें पुढें सरतोस, म्हणजे सेकंदास साडेपांच मीटर. ट्रकची लांबी आणि त्याच्या मागचें-पुढचें राखावयाचें अंतर मिळून तीस मीटर धर. ओलांडावयास साडेपांच सेकंद लागले. आतां समोरून कोणी साठनेंच येत आहे. चाल तुझ्याएवढीच, पण दिशा उलट. म्हणून तुम्हां दोघांमधील अंतर ताशीं एकशें वीसनें तुटतें, म्हणजे सेकंदास तेहतीस मीटर. साडेपांच सेकंदांत किती?"

"एकशें ऐंशी मीटर," नातू म्हणाला.

"तुझ्या कांट्यावर सबंध वेळ साठच दिसत असतें. ट्रकला तूं वीस आहेस आणि समोरच्याला एकशें वीस. पृथ्वीनें शनीला ओलांडावें तसेंच हें. फरक इतकाच कीं, आकाशांत समोरून कोणी येत नाहीं."

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. नातवानें मात्र विचारलें, "आजोबा, गांवाबाहेरच्या वळणावर समोरचें किती दूरपर्यंत दिसतें?" तें कोणासच ठाऊक नव्हतें. म्हणून दुसऱ्या दिवशीं उजाडतांच आम्ही तिघे तेथें गेलों. पुतण्या वळणाच्या अलीकडे उभा राहिला आणि तो बाभळींआड होईपर्यंत मीं रस्त्याच्या कडेनें पावलें मोजीत गेलों. एकशें साठ भरलीं. माझें पाऊल पाऊण मीटराचें. नातवानें गुणाकार केला. एकशें वीस मीटर. पुतण्याचा विश्वास बसेना, म्हणून त्यानें स्वतः पुन्हां मोजलें. त्याचे पाय लांब, पावलें कमी भरलीं. मीटर तेवढेच आले.