एमजीबी घरी दुरुस्त करताय? किल्ली फिरवण्याआधी हे ऐका

आजचा विषय: वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये धूळ खात पडलेली जुनी स्पोर्ट्स कार घरच्या घरी पुन्हा रस्त्यावर कशी आणायची. उदाहरण घेऊ ब्रिटिश एमजीबीचं. 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला ही गाडी बनत होती. पाच लाखांच्या वर बनल्या, म्हणून पार्ट्स आजही नवे मिळतात. अगदी अख्खी बॉडीसुद्धा!

अशी गाडी हाती आली की आधी हात जातो किल्लीकडे. थांबा. सुरुवात पत्र्यापासून करायची.

एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. त्यात ओपन मॉडेलला छप्पर नाही. बुटांच्या खोक्याचं झाकण काढून ते पिळून बघा, लगेच वाकतं. गाडीत हे वाकणं थांबवतात दरवाज्यांखालच्या पोकळ पेट्या, म्हणजे सिल. पाणी-चिखल साचून सिल आतून गंजतात, बाहेरून रंग मात्र चकाचक. मग ओळखायचं कसं? फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. चिकटलं नाही, तर तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे.

गंजलेलं सिल थेट कापलं तर गाडी मध्येच खचू शकते, मग दरवाजे नीट लागत नाहीत. म्हणून आधी दरवाज्याच्या चौकटीत लोखंडी पाइपचा आधार वेल्ड करायचा. एका वेळी एकच बाजू कापायची. नवं सिल पक्कं करण्याआधी दरवाजा लावून फट तपासायची. बॅकअप न घेता डेटाबेसला हात लावत नाही ना आपण? तसंच. आणि वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा. रिकाम्या टाकीतल्या वाफेचाही स्फोट होतो. वेल्डिंग येत नसेल तर तेवढं काम जाणकाराला द्या.

मग ब्रेक. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, त्याने सिलिंडर आतून गंजतात. सुरुवातीच्या एमजीबीत चारही चाकांना मिळून एकच सर्किट. एक होज फुटला की पेडल थेट तळाला. म्हणून रबरी होज आणि सील सरसकट नवे घाला.

इंजिन शेवटी. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग पान्याने हळूहळू फिरवा. मोकळं फिरलं तर नवं ऑइल, ताजं पेट्रोल. अडलं तर जोर लावू नका, खोलून बघा.

पहिल्या स्टार्टचा व्हिडिओ भारी दिसतो, मान्य. पण बंद पडलेली गाडी कुणाला इजा करत नाही. सुरू होणारी, पण न थांबणारी करते. भेटू पुढच्या एपिसोडला!